शाकारणी पावसाआधीच करायची असते

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. पुण्यात आमची 96 फ्लॅटची सोसायटी आहे. बागेची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आणि जुलैपासून बागेला दृष्ट लागल्यासारखं झालंय. गुलाबाच्या पानांवर काळे डाग पडतात, पानं पिवळी होऊन गळतात. काही झाडांच्या तर नुसत्या काठ्या उरल्यात. चाफ्याच्या पानांखाली नारिंगी भुकटी दिसते. तगरीची पानं काजळी धरल्यासारखी काळी झालीत. लॉनमध्ये परातीएवढे तपकिरी गोल पडलेत, आणि जुन्या गुलमोहराच्या बुंध्याला भूछत्रासारखं काहीतरी फुटलंय. माळीकाका दर आठ दिवसांनी एकच बुरशीनाशक पावडर सगळ्या झाडांना मारतात. दोन महिने झाले, फरक नाही. एक कंत्राटदार गुलमोहराला इंजेक्शन देऊन बरं करतो म्हणतोय. इकडे पालक विचारतात, लॉनवर औषध मारता, पोरं तिथेच लोळतात, त्याचं काय? कोणतं औषध, किती आणि कितीदा मारायचं, सांगाल का?

उत्तर

ताई,

तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलेल्या झाडापासून सुरुवात करतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही. गुलमोहराखाली बाक असेल, गाड्या लागत असतील किंवा पोरं खेळत असतील, तर ती जागा आजच मोकळी करा. दोरी बांधा, पाटी लावा, पण तिथे कुणी बसता कामा नये.

बुंध्याशी भिंतीतल्या फळीसारखी आडवी, वरून वार्निश केल्यासारखी चकाकणारी, कडेला पांढुरकी अशी जी भूछत्रं येतात, ती बहुतेक वेळा गॅनोडर्मा नावाच्या बुरशीची असतात. खाली फरशीवर, पडलेल्या पानांवर कोको पावडरसारखी तपकिरी धूळ बसलेली आहे का ते बघा. ते तिचे बीजाणू, म्हणजे ज्यांच्यापासून नवी बुरशी रुजते ते बारीक कण. आपल्याला दिसतं ते बुरशीचं फळ. तिचं खरं अंग आत असतं, मुळांत आणि बुंध्याच्या लाकडात, आणि ती ते लाकूड कित्येक वर्षं खात बसलेली असते. फळ बाहेर दिसेपर्यंत आतलं बरंच काम उरकलेलं असतं. वरून झाड हिरवंगार दिसतं, मे महिन्यात फुलतंही, आणि वळवाच्या एका वादळात मुळासकट आडवं होतं.

म्हणून त्या इंजेक्शनला नकार द्या. बुरशीनाशक फार तर बुरशीची वाढ रोखेल, पण खाल्लेलं लाकूड कोणतंही औषध परत आणत नाही आणि झाडाला उभं धरतं ते लाकूडच. नारळाच्या बागांत गॅनोडर्मासाठी मुळावाटे हेक्झाकोनॅझोल देण्याची पद्धत आहे हे खरं. पण ती रोगाच्या सुरुवातीला, अजून तग धरून असलेल्या माडांसाठी. तुमच्या गुलमोहराचा प्रश्न तो पडेल की उभा राहील हा आहे, आणि त्याचं उत्तर झाडाची तपासणी करणारा जाणकारच देऊ शकतो. लाकडी हातोडीने बुंधा ठोकून पोकळी कुठवर गेली आहे ते तो बघेल, मुळांशी उकरून बघेल. मग एकतर वरचा भार कमी करायचा किंवा झाड उतरवायचं. दोन्हीसाठी परवानगी लागते. 1975 चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. महापालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या, सोबत भूछत्रांचे फोटो जोडा आणि अर्जात धोक्याचं कारण स्पष्ट लिहा. मागे कधी केबलसाठी चर खणला होता का, पेव्हर बुंध्याला भिडवले होते का, कोयत्याने फांद्या तोडल्या होत्या का, हेही आठवून बघा. बुरशीला आत शिरायला अशीच जखम लागते, आणि त्याच रांगेतली बाकीची झाडं अजून वाचू शकतात.

आता औषधांकडे येतो.

माझं बालपण रत्नागिरीकडचं. आजोबांची सुपारीची वाडी होती. सुपारीला पावसात कोळेरोग येतो, कोवळी फळं सडून पटापट गळतात. त्यावर आजोबा बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी, फवारायचे. कधी? मे संपता संपता, मृगाचा पाऊस लागायच्या आत. एकही फळ सडलेलं नसताना. मग श्रावणात उघडीप बघून पुन्हा एकदा. मी लहानपणी विचारायचो, रोग नाही तर औषध कशाला? ते घराच्या छपराकडे बोट दाखवायचे. कौलं शाकारायची ती पावसाआधी, पाणी ठिबकायला लागल्यावर कोण वर चढतो?

बुरशीनाशकाबद्दल एवढी एकच गोष्ट समजली तरी तुमचे निम्मे पैसे वाचतील. मँकोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराइड, गंधक, बोर्डो ही सगळी स्पर्शजन्य औषधं. पानावर ती एक थर धरतात. बीजाणू त्या थरावर पडला तर रुजण्याआधी मरतो. पानाच्या आत शिरलेल्या बुरशीचं ती काही करू शकत नाहीत. कार्बेन्डाझिम, हेक्झाकोनॅझोल यांसारखी आंतरप्रवाही औषधं पानात शिरतात आणि नुकती झालेली लागण थोपवू शकतात. पण काळा डाग पडला तो पडलाच. ते पान पुन्हा हिरवं होणार नाही. औषध वाचवतं ते उद्या फुटणारं पान. त्यामुळे फवारल्यावर जुन्या डागांकडे बघत बसू नका, नव्या फुटीकडे बघा. ती स्वच्छ आली तर औषधाने काम केलं.

माळीकाका मारतात त्या पुडीवरचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. सोसायट्यांमध्ये बहुतेक वेळा कार्बेन्डाझिम आणि मँकोझेब यांचं मिश्रण असतं, ‘साफ’ नावाची पुडी किंवा तत्सम. औषध म्हणून त्यात वाईट काही नाही. पण तुमच्या पाच तक्रारींपैकी गुलाबालाच काय तो त्याचा उपयोग, तोही वेळेवर आणि पानाच्या खालून मारलं तर.

तर गुलाब. एक डागाळलेलं पान तोडून उजेडात धरा, भिंग असेल तर उत्तम. डागाची कड बघा. ती कापल्यासारखी गुळगुळीत नसेल, शाई टीपकागदावर फुटावी तशी झालरीझालरीची असेल, तर हा काळा ठिपका, म्हणजे डिप्लोकार्पन रोझी या बुरशीचं काम. डागाभोवती पान पिवळं पडतं आणि गळती खालून वर चढत जाते. या बुरशीच्या बीजाणूला रुजायला पान सलग सातेक तास ओलं लागतं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टात ते तिला फुकट मिळतं. पण आपण त्यात भर घालतो का, ते बघा. संध्याकाळी पाइपने झाडं वरून धुतली की पान रात्रभर ओलं राहतं, आणि जमिनीवरच्या सडक्या पानांतले बीजाणू पाण्याच्या थेंबांबरोबर उडून खालच्या पानांवर बसतात. म्हणून आधी झाडू, मग पंप. खाली पडलेलं एकूण एक पान उचला, झाडावरची डागाळलेली पानंही खुडा आणि सोसायटीच्या कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात द्या. बुंध्याशी सुक्या पालापाचोळ्याचं किंवा नारळाच्या काथ्याचं आच्छादन करा, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. पाणी सकाळी, आणि मुळाशी.

त्यानंतर मँकोझेब 75 टक्के पावडर, लिटरला दोन ग्रॅम. दहा लिटरच्या पंपाला वीस ग्रॅम. माळीकाका कशाने मोजतात ते जरा जाऊन बघा. मी पाहिलंय ते काडेपेटीने, बाटलीच्या झाकणाने, कुठे कुठे चिमटीने. स्वयंपाकघरात असतो तसा छोटा डिजिटल काटा आणून द्या, त्यावर ‘फक्त औषधासाठी’ असं लिहा. पावडर थेट पंपात टाकायची नाही. आधी डब्यात थोड्या पाण्यात पिठल्यासारखी कालवून घ्यायची आणि मग पातळ करून गाळून ओतायची, नाहीतर नोझल तुंबतं. पावसाळ्यात स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रावण, घाला. पान ओघळेपर्यंत भिजवू नका, पण खालची बाजू सोडू नका. उघडीप बघून सकाळी, दव सुकल्यावर मारा. दहा-बारा दिवसांनी दुसरी फवारणी कॉपर ऑक्सिक्लोराइडची, लिटरला अडीच ग्रॅम. दोन्ही औषधं एकत्र करू नका. तिसऱ्या खेपेला हेक्झाकोनॅझोलसारखं आंतरप्रवाही औषध, लेबलवर गुलाबासाठी सांगितलेल्या मात्रेत. आणि पाऊस सरला की थांबा.

औषध असं आलटूनपालटून का मारायचं ते सांगतो, कारण दोन महिने एकच पुडी चालू आहे. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीत एकाच ठिकाणी घाव घालतं. लाखो बीजाणूंमध्ये एखाद्याची ती जागा जन्मतःच जराशी वेगळी असते, त्याला औषध लागत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढच्या पिढ्या त्याच्या. नाशिक-सांगलीकडच्या कुठल्याही जुन्या द्राक्ष बागायतदाराला विचारा, एकेकाळी रामबाण वाटणारी औषधं त्यांच्या डोळ्यांदेखत निकामी झाली. मँकोझेब आणि तांबं बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे त्यांना असं सहज चकवता येत नाही. दुकानात जाल तेव्हा ब्रँडचं नाव बाजूला ठेवून खाली बारीक अक्षरांत छापलेलं घटकाचं नाव वाचा. पुडी बदलली आणि आतलं औषध तेच, असं फार होतं.

चाफ्याला काही मारू नका. पानाखालची नारिंगी भुकटी म्हणजे तांबेरा. अंगठा फिरवलात तर हळदीचा हात लागल्यासारखा रंग येईल. हा तांबेरा पानांपुरताच राहतो, खोडाला धरत नाही, आणि चाफा थंडीत आपली सगळी पानं तशीही टाकतो. उंच चाफ्याच्या शेंड्यापर्यंत पंपाने औषध पोचवायचं तर निम्मं खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर पडतं. पडलेली पानं रोज झाडून घ्या, हिवाळ्यात झाड उघडं झालं की खालचा शेवटचा पाचोळाही हलवा, आणि फांद्या इतक्या दाटल्या असतील की आत वारा जात नाही तर थोड्या विरळ करा.

तगरीची काजळी पानाला लागलेला रोगच नव्हे. बोट ओलं करून घासा, काळं निघून येईल आणि खाली पान हिरवं दिसेल. वरच्या फांदीवर पिठ्या ढेकूण, मावा किंवा खवले कीड बसलेली असणार. ती रस पिते आणि गोड चिकट पाणी टाकते, त्या पाण्यावर ही काळी बुरशी वाढते. मुंग्यांची रांग बुंध्यावरून वर चाललेली दिसेल, तीही त्याच गोडाला. बुरशीनाशक शंभर वेळा मारा, कीड आहे तोवर काजळी येत राहणार. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कीड पाडा, फार भरलेल्या फांद्या छाटा, मग निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात फेटून आठवड्याच्या अंतराने दोनतीनदा मारा.

आणि निंबोळी तेलाबद्दल एक इशारा, माझ्या हातून झालेल्या चुकीतून. एका एप्रिलमध्ये माझ्या रोपवाटिकेतल्या झिनियांवर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणारी बुरशी, आली. चार दिवसांपूर्वीच त्यांना निंबोळी तेल मारलेलं होतं. ते मनात न आणता मी पाण्यात विरघळणारं गंधक घेतलं आणि सकाळी अकराला, चांगलं ऊन तापल्यावर फवारलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा इस्त्रीने जाळाव्या तशा झाल्या. दोनशे कुंड्या मी स्वतः उपटल्या. भुरीने त्यातल्या फार थोड्या गेल्या असत्या. तेल आणि गंधक यांच्यात निदान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि पारा तिशीच्या वर चढला की गंधकाला हात लावायचा नाही. हे तुम्हाला लागणार आहे, कारण दिवाळीनंतर दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारवा सुरू झाला की गुलाबांवर, डेलियांवर पांढरी भुरी येईल. तिला ओलं पान लागत नाही. थंडीत, सकाळी, लिटरला दोन ग्रॅम गंधक तिला पुरतं.

लॉनचं उत्तर मी इतक्या खात्रीने देऊ शकत नाही, कारण तपकिरी गोल पाच-सहा कारणांनी पडतात. ते तुम्हालाच शोधावं लागेल. उद्या सकाळी साडेसहाला, दव असताना, लॉनवर जाऊन गुडघ्यावर बसा. डागाच्या मधे बघू नका, कडेला बघा, जिथे हिरवं आणि तपकिरी मिळतं तिथे. दवात गवताच्या पात्यांवर कोळ्याच्या जाळीसारखे बारीक पांढरे धागे दिसले आणि डागाभोवती काळपट, भिजल्यासारखी कड दिसली, तर रायझोक्टोनिया या बुरशीचा संशय घ्या. ऊन चढलं की धागे दिसेनासे होतात, म्हणून ही वेळ. मग कडेचं गवत मुठीत धरून ओढा. पातं खोडापाशी कुजून अलगद सुटून आलं तर बुरशी. पण गवत सतरंजी गुंडाळावी तसं मुळासकट उचललं गेलं, तर मुळं कुणीतरी कुरतडलीत. खाली दोन-तीन इंच उकरा, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी, तपकिरी डोक्याची अळी मिळेल. ती हुमणी. डाग मधे जळका आणि कडेला गर्द हिरवा, तजेलदार असेल तर बहुतेक कुत्र्याचं मूत्र आहे, पाणी ओतणं एवढाच त्यावर उपाय. पावसात गवतावर राखेसारखा करडा थर एका रात्रीत आला असेल तर घाबरू नका, तो वरवरचा असतो, झाडूने जातो. भूछत्रांचं वर्तुळ उगवलं असेल तर खाली जुनं लाकूड किंवा मूळ कुजत असेल. भूछत्रं हातमोजे घालून काढून टाका, लहान मुलं काहीही तोंडात घालतात.

रायझोक्टोनियाच निघाला तरी पंप लगेच काढू नका. मागच्या दोन महिन्यांत लॉनला युरिया किती पडला ते विचारा. पावसाळ्यात हिरवं दिसावं म्हणून मूठमूठ युरिया फेकतात, त्याने गवत लुसलुशीत होतं आणि बुरशीला तेच हवं असतं. युरिया बंद. संध्याकाळचं पाणी बंद. ओलं गवत कापायचं नाही, मशिनीबरोबर रोग लॉनभर फिरतो. पातं धारदार हवं, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची कापायची नाही. जिथे पाणी साचतं तिथे काट्याने भोकं पाडून त्यात जाड वाळू भरा. तीनचार आठवड्यांत गोल वाढायचे थांबले तर औषधाचं नाव काढायची गरज नाही, गवत स्वतः भरून येतं.

एवढं करूनही गोल पसरत राहिले तरच औषध, आणि तेही डाग आणि त्याभोवती दोन-तीन फूट एवढ्याच भागावर. भातावरचा पर्णकोष करपा याच रायझोक्टोनियामुळे होतो, त्यामुळे भातासाठी विकली जाणारी हेक्झाकोनॅझोलसारखी औषधं या बुरशीवर चालतात. पण लॉनची मात्रा अंदाजाने ठरवू नका. रोगट गवताचं मातीसकट ढेकूळ पिशवीत घालून शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागात घेऊन जा. सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते नाव सांगतील, मग तिथेच मात्रा विचारा. कार्बेन्डाझिम मात्र लॉनवर ओतू नका. ते गांडुळांना घातक आहे, आणि घट्ट मातीत हवा खेळती ठेवण्याचं काम तुमच्यासाठी गांडुळंच करतात. शिवाय गवत चिकट, तेलकट होऊन झोपलं असेल तर ते पिथियम, म्हणजे वेगळ्याच जातीची कुज, असू शकतं, आणि पिथियमवर कार्बेन्डाझिम चालतच नाही.

पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना ‘काही होत नाही’ असं उत्तर देऊ नका. मँकोझेबची मान्यता युरोपीय महासंघाने डिसेंबर 2020 मध्ये पुढे वाढवायला नकार दिला. आपल्याकडे त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात मँकोझेब आणि कार्बेन्डाझिम दोन्ही होती. पुढे सरसकट बंदी त्यांच्यावर आली नाही, ती आजही कायदेशीर मिळतात. गुलाबाच्या वाफ्यावर मोजून, वर्षातून चारदा मारणं मला मान्य आहे. पोरं लोळतात त्या लॉनवर दर आठ दिवसांनी मारणं मान्य नाही. रोग ओळखल्याशिवाय तर मुळीच नाही. ज्या दिवशी फवारणी होईल त्याच्या आदल्या दिवशी लिफ्टपाशी कागद लावा, त्यावर औषधाचं नाव, जागा आणि वेळ लिहा. फवारलेल्या भागाला दोरी बांधा. पान पूर्ण सुकेपर्यंत आणि लेबल सांगतं तेवढा वेळ तरी तिथे कुणी नको, आणि मुलं असतील तिथे मी पूर्ण दिवस बंद ठेवायला सांगतो. कमळाच्या टाकीत मासे असतील तर तांब्याचं औषध मारताना टाकी झाकून घ्या, तांबं माशांना मारतं. पंप धुतलेलं पाणी गटारात किंवा टाकीत सोडू नका.

तणनाशकाला आणि बुरशीनाशकाला एकच पंप वापरत असाल तर आजपासून दोन करा. पंप कितीही विसळला तरी तणनाशकाचा अंश राहतो आणि गुलाबाची नवी पालवी चाबकासारखी वळते. मग लोक तिलाही रोग समजून आणखी औषध मारतात.

आता माळीकाका. पत्रात त्यांच्या तोंडाला काय बांधलेलं असतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. बहुधा उपरणं किंवा रुमाल असेल. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, बुरशीनाशकांपेक्षा कितीतरी जहाल. पण विष अंगात जातं ते त्याच वाटेने, उघड्या हातांतून, भिजलेल्या शर्टातून, श्वासातून, आणि औषध कालवलेल्या हाताने मळलेल्या तंबाखूतून. डब्यावरचा त्रिकोण त्यांना दाखवा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तुमच्या पुडीवर हिरवा किंवा निळा असेल, पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. रबरी हातमोजे, चष्मा, फवारणीसाठीचा मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गमबूट, हा सगळा खर्च सोसायटीचा. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून फवारायचं, काम झालं की साबणाने आंघोळ करता येईल अशी जागा त्यांना द्या, आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायला त्यांच्या घरी पाठवू नका. तीन महिन्यांच्या औषधाला जेवढे पैसे जातात त्यातले बरेचसे आता वाचणार आहेत, ते इकडे घाला.

बाजारच्या पुडीऐवजी काही घरी करता येईल का, असं तुमच्या सभासदांपैकी कुणीतरी विचारेलच. बोर्डो करता येतं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 साली हे मिश्रण जगापुढे ठेवलं, आणि आजही त्याला तोड नाही. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्री भिजत घाला. दुसऱ्या बादलीत शंभर ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात फोडा आणि पाच लिटर करून गाळून घ्या. चुना फुटताना उकळतो, डोळे सांभाळा. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत लाकडी काठीने ढवळा. आभाळासारखा निळा रंग येतो. त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस पूट चढलं तर मिश्रणात मोकळं तांबं उरलं आहे, ते पानं जाळेल. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत जा, खिळा तसाच निघेपर्यंत. आजोबा यासाठी जुना विळा वापरायचे, आणि विळा कोरा निघाला की मगच ‘चला’ म्हणायचे. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, लोखंडी पंपात भरायचं नाही. गुलाबाच्या कोवळ्या फुटीवर आधी एका झाडावर मारून चार दिवस बघा.

तुमच्या बागेत बोर्डोचा खरा उपयोग ऑक्टोबरात आहे. पाऊस सरल्यावर गुलाबांची छाटणी कराल तेव्हा कापलेल्या टोकातून काळी मर खाली उतरते, फांदी वरून वाळत येते. त्याच दिवशी प्रत्येक टोकाला बोर्डोची दाट पेस्ट ब्रशने लावा. मोरचूद आणि चुना तेवढेच, पाणी एक लिटर. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. आणि पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पानं स्वच्छ असताना, पहिली फवारणी उरकून घ्या. तेव्हा मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणेल की रोगच नाही तर खर्च कशाला. त्यांना यंदाच्या काठ्यांचे फोटो दाखवा.

लॉनच्या ढेकळाखाली काय निघालं ते मात्र कळवा. हुमणी असेल तर वर लॉनबद्दल लिहिलेलं औषधाचं सगळं बाजूला ठेवा, आणि मी दुसरं पत्र लिहीपर्यंत तिथे काहीही ओतू देऊ नका.